गाढव कुणाच्या टेबलावर

जनावरांच्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या त्या ऑफिसात डेटाबेसवर बाईंचं राज्य होतं. नियम त्यांचाच. टेबलात साधा एक रकाना वाढवायचा असला तरी आधी त्याची फाइल लिहायची, ती गिटमध्ये, म्हणजे सगळ्या बदलांच्या सामायिक नोंदवहीत, टाकायची, दुसऱ्याने तपासायची, आणि मगच ती चालत्या सर्व्हरवर जायची. परस्पर हात घालणाऱ्याच्या टेबलावर कापडी गाढव बसायचं. लागोपाठ दुसऱ्यांदा सापडलेल्याची सर्व्हरची किल्ली काढून घ्यायची.

सध्या गाढव जावयाकडे होतं. जावई म्हणजे बाईंचा सख्खा जावई. लेकीने लग्नाआधी "मुलगा आवडला का?" असं विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "बहुतेक." तसं त्या सगळ्यालाच बहुतेक म्हणायच्या.

त्या सकाळी एका डॉक्टरांचा फोन आला. मांजर चावलं होतं.

"बाई, नोंदीत 'चावतं का' हा रकाना कधी देताय?"

"फाइल तयार आहे हो. तपासायची राहिलीय."

"तुमचं तपासून होईपर्यंत माझी बोटं संपतील!"

बाई विरघळल्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. एक ओळ तर आहे! सर्व्हरवर हाताने टाकून दिली. तेवढ्यात साहेबांनी मीटिंगला बोलावलं आणि बाई साफ विसरल्या. इतक्या विसरल्या, की त्याच रकान्याची जावयाने लिहिलेली फाइल नंतर त्यांनीच तपासली आणि मंजूरही केली.

दुपारी दवाखाने बंद असताना जावयाने सगळ्या फाइली क्रमाने सर्व्हरवर सोडल्या. चावण्याच्या फाइलीशी गाडी अडली. 'हा रकाना आधीच आहे.'

"कुणीतरी हाताने घातलाय," टेस्टिंगवाली म्हणाली. सगळ्यांच्या माना गाढवाकडे वळल्या.

बाई तावातावाने उठल्या. "जावईबापू, पुन्हा? तुम्हाला किती वेळा..." आणि तिथेच त्यांना डॉक्टरांचं बोट आठवलं. बोलावं, तर इतक्या वर्षांचा दरारा पाण्यात. गप्प बसावं, तर जावयाची किल्ली जाणार, आणि ती मिळवायला त्याने जिवाचं रान केलं होतं. बाई खरोखर घाबरल्या, आणि वाक्य अर्धवट टाकून खुर्चीत बसल्या.

जावई स्क्रीनवर तो आगंतुक रकाना उघडून बघत होता. डॉक्टरांनी काहीच भरलं नाही, तर तिथे आपोआप काय दिसावं, तेही घालणाऱ्याने ठरवून ठेवलं होतं: 'बहुतेक.'

त्याच्या ओठाचा कोपरा हलला. त्याने बाईंकडे एकदाच पाहिलं, गळ्यातली किल्ली काढली आणि साहेबांपुढे ठेवली. "माझ्याकडूनच झालं असेल. गाढव इथंच आहे, राहू दे."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांचा हात किल्लीकडे गेला.

"हात लावू नका त्या किल्लीला!" बाई कडाडल्या. "मी घातलाय तो रकाना. सकाळी. हाताने."

टेस्टिंगवालीच्या तोंडातला चहा कसाबसा आत राहिला. बाईंनी गाढव कानाला धरून उचललं आणि स्वतःच्या टेबलावर आपटलं.

मग जावयाने नवी फाइल लिहिली: रकाना असला तर तोच वापरायचा, नसला तर घालायचा. बाईंनी ती ओळन् ओळ वाचली. दवाखाने उघडायच्या आत गाडी पुढे सरकली.

चाचणीच्या मशीनवर जावयाने पहिली नोंद केली होती, ती बाईंनी उघडली. प्राणी: गाढव. मालक: बाई. चावतं का: बहुतेक.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. जावई छताचा पंखा निरखत होता. बाईंनी हसू दाबलं, बाहेर गेल्या आणि लेकीला फोन लावला.

"तू विचारलं होतंस ना, मुलगा आवडला का म्हणून? आवडला."

"आई, तुझा नातू शाळेत जातो! आत्ता सांगतेस?"

"तपासायला वेळ लागतो," बाई म्हणाल्या.