डाव्या हाताबद्दलच्या चार ओळी

इकडेतिकडे काय बघता? मीच बोलतेय, वाचनालयाच्या खिडकीखालची, चार पायांवरची उतरती फळी. माझ्यावर रोजचा पेपर पसरून वरून लोखंडी पट्टीनं अडकवतात, कुणी घरी नेऊ नये म्हणून. सुतारानं मला घडवलं तेव्हा मला एक अक्षर कळत नव्हतं. रोज अंगावर पेपर. मग काय, शिकले. शाळेत कुणी पाठवलं नाही, म्हणून कुणाची भीडही धरत नाही.

तेवीस वर्षांत पुष्कळ वाचक पाहिले. कोड्यात पेन खुपसणारे, निधनवार्ता चाळणारे, वाचता वाचता माझ्यावरच पेंगणारे. पण सोमवार शिट्टीकाकांचा. निवृत्त पोस्टमन, गावच्या फुटबॉल संघाचा एक सामना चुकवतील तर शपथ. मैदानावर गळ्यात शिट्टी. गोलकीपर त्यांचा सख्खा भाचा. त्याचं कौतुक छापून आलं की अख्ख्या वाचनालयाला दोनदा ऐकवायचे.

या मोसमात संघ हरायला लागला, आणि पेपरच्या वार्ताहर बाईंनी चार ओळी लिहिल्या : 'सगळे गोल डावीकडे, वरच्या कोपऱ्यातच होत आहेत. गोलकीपरचा डावा हात खांद्याच्या वर जाताना दिसत नाही. त्याला आधी डॉक्टरकडे न्या. मग मैदानात उतरवा.'

काका भडकले. "आपल्याच गावचा पेपर, आणि आपल्याच पोरांची लाज काढतो? बाई, बंद करा हा पेपर!"

"तुम्ही वाचू नका," ग्रंथपाल बाई रजिस्टरमधून मान वर न करता म्हणाल्या. "पेपर राहील."

पेपर राहिला. बाई आत गेल्या तशी काकांनी खिशातून ब्लेड काढलं आणि तेवढ्या ओळी कापून नेल्या. पुढचे तीन सोमवार हेच. वार्ताहर बाई लिहायच्या, काका कापायचे. ब्लेड माझ्या अंगात उतरायचं ते वेगळंच. भाच्याच्या घरी तर त्यांनी पेपरवाल्यालाच दम भरला : "या दारात टाकलास तर बघ!"

अंतिम सामना रविवारी होता. गुरुवारी दुपारी भाचा स्वतः आला. उजव्या हातानं डावा हात उचलला आणि माझ्यावर ठेवला, एखादी पिशवी ठेवावी तसा. मला तिथेच कळलं. सोमवारचा अंक शोधून काढला आणि त्यातलं भोक बघून त्यानं ग्रंथपाल बाईंना विचारलं. बाईंनी स्वतःच्या घरचा त्याच दिवसाचा अंक पर्समधून काढून दिला. त्यानं वाचलं, पुन्हा वाचलं, आणि हळूच म्हणाला, "चला, कुणाला तरी दिसलं."

तेवढ्यात काका आत आले. त्याच्या हातातला अंक बघून बाईंवरच घसरले. "तुम्ही दाखवलंत हे त्याला? तीन दिवसांवर सामना आलाय!"

"तीस वर्षं तुम्ही लोकांची पत्रं वाटलीत," बाई म्हणाल्या. "त्यातली वाईट बातमीची किती फाडलीत?"

भाच्यानं डावा हात वर न्यायला घेतला. छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला.

"तीन महिने झाले, मामा."

"अरे गाढवा, मग मला का नाही बोललास?"

"कधी बोलू? तोंड उघडलं की तू शिट्टी वाजवायचास."

काकांनी त्याची खेळाची पिशवी उचलली नि म्हणाले, "चल. डॉक्टर पाचपर्यंत असतो."

रविवारी आपण हरलो, दोन गोलांनी. खांद्यातला स्नायू फाटलेला निघाला. आणखी एक सामना खेळला असता तर हात कायमचा गेला असता, असं डॉक्टर म्हणाले.

मी काही पेपरची वकिली करत नाही. याच वार्ताहर बाईंनी पुढे एकदा सामना न बघता ऐकीव लिहिलं. तेव्हा काकांनी तीन पानी पत्र खरडलं, आणि पेपरला चूक कबूल करावी लागली. असं भांडावं! चाहत्याला तो हक्कच आहे.

आता मी म्हातारी झालेय. एक पाय डुगडुगतो, त्याखाली पुठ्ठा घातलाय. तरी सोमवारी माझ्याभोवती गर्दी असते. काका मोठ्यानं वाचतात, मध्येच "काय कळतं या वार्ताहर बाईला!" म्हणून माझ्यावर मूठ आपटतात, आणि पुढचं वाक्य वाचतात. भाचा शेजारी उभा असतो. अजून खेळत नाही.

तुम्हीही या. माझ्यावर कोपरं टेका, हवं तितकं चिडा. फक्त पान जागेवर राहू द्या. तुमच्यानंतर ते वाचायला कोण येणार आहे, तुम्हाला ठाऊक नसतं.