ईजबेल, तूसुद्धा ये

"मागचा माणूस हॅट काढा म्हणतोय," मी आईच्या कानाशी लागून म्हणालो.

"त्याला म्हणावं, मान वाकडी कर. ही हॅट मी पास्टरसमोर काढत नाही, कार्टूनसमोर काढू?"

आमच्या रांगेत अशा अकरा हॅट्स होत्या. चर्चच्या अकरा बायका, पांढरे हातमोजे घालून, शनिवारी दुपारी आमच्या काळ्या लोकांच्या वस्तीत, सेंट्रल अव्हेन्यूवरच्या थिएटरात बसल्या होत्या. यातल्या निम्म्या बायकांनी सिनेमाचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. त्यांना तिथं आणण्याचा पराक्रम माझा. आईनं येताना चष्मा आणला होता. पडद्यावर माझं नाव येणार होतं आणि ते तिला स्वतः वाचायचं होतं.

मी लेम्युएल टॉलिव्हर. दिवसभर स्टेशनवर लाल टोपी घालून लोकांच्या बॅगा उचलायचो आणि संध्याकाळी ट्रम्पेट वाजवायचो. आईच्या लेखी पहिलं काम कष्टाचं आणि दुसरं सैतानाचं. आमच्या चर्चमध्ये तिला मदर टॉलिव्हर म्हणतात. ती पहिल्या बाकावर बसते आणि तिचा शब्द पास्टरही खाली पडू देत नाहीत. अशा बाईचा मुलगा नाचघरात जॅझ वाजवतो, ही गोष्ट तिनं गिळली, पण पचवली नाही. मला जेवायला वाढायची, माझ्या शर्टांना इस्त्री करून द्यायची. ट्रम्पेटची पेटी मात्र बाहेर पायरीवर. "ती आत आली तर तू बाहेर," असा सरळ हिशेब होता. मी अकरा वर्षं वाजवत होतो आणि तिनं माझा एक सूर ऐकला नव्हता.

तिनं तो एकदा तरी ऐकावा, एवढंच मला हवं होतं. कारण मी जे वाजवायचो ते तिचंच होतं.

आई परसात कोंबड्या पाळायची. टेक्सास सुटलं तरी कोंबड्या सुटल्या नाहीत. त्यांची नावं बायबलातली. रोज सकाळी मागच्या पायरीवर उभी राहून ती हाक मारायची, "एस्तेर, रूथ, मार्था, याऽऽ गं," प्रत्येक नाव आधीच्यापेक्षा एक पायरी वर. आणि मग एकदम खाली उतरून, जाड्या घोगऱ्या आवाजात, "ईजबेल, तूसुद्धा ये." बायबलातल्या दुष्ट राणीचं नाव मिळालेली ही ईजबेल अंडी फोडायची. तिच्यावर आईचा राग होता, पण दाणे टाकताना तिला कधी वगळलं नाही. ती हाक ऐकत मी लहानाचा मोठा झालो. ट्रम्पेट हातात आल्यावर पहिल्यांदा वाजवली ती तीच.

मार्चमध्ये एका कार्टूनच्या स्टुडिओनं आमच्या बँडला बोलावलं. तिथले संगीताचे मुख्य मिस्टर लोवेल म्हणाले, "कोंबड्यांच्या खुराड्यातला प्रसंग आहे. लेम, आठ मात्रा तुझ्या. काहीतरी गावाकडचं वाजव." मी आईची हाक वाजवली. वाजवून झाल्यावर लोवेलसाहेब काचेआडून धावत बाहेर आले.

"हे कुठून काढलंस?"

"आई कोंबड्यांना अशी बोलावते, साहेब."

"अशी म्हणजे कशी? करून दाखव की."

भिंतीवरचा लाल दिवा बंद होता. लाल दिवा लागला की आवाज टिपला जातो आणि बंद असला की आपण आपल्या घरात, हे स्टुडिओत पहिल्या दिवशीच शिकवतात. मी दिव्याकडे बघितलं आणि आईच्या आवाजात हाक मारली. सगळे हसले. चष्मेवाला एक चित्रकार वही घेऊन बसला होता, तो विचारता झाला, "आणि चालते कशी?" आईला तरुणपणी खेचरानं लाथ मारली होती, तेव्हापासून ती कंबरेतून तिरकी होऊन चालते. मी तेही करून दाखवलं. मागं फडकं खोचून, बूड हलवत. "अजून एकदा," ते म्हणाले. मी अजून एकदा केलं. दुसऱ्यांदा ओठ जरा जास्त पुढं काढले, 'मेल्यांनो' हा शब्द पदरचा जोडून ओढला. आई कोंबड्यांना तसं कधीच म्हणत नाही. गोरी माणसं माझ्यामुळं पोट धरून हसत होती आणि मला, खरं सांगतो, फार बरं वाटलं.

आमचा ड्रमवाला रॉस्को तेवढा हसला नाही. तो ड्रमची किल्ली पिळत बसला. गाडीत म्हणाला, "लेम, आईला घरी ठेवून यायचं होतंस गड्या."

"दिवा बंद होता रे," मी म्हणालो.

निघताना लोवेलसाहेबांनी माझा खांदा थोपटला होता. "नाव टाकतो तुझं पडद्यावर. आईला घेऊन ये बघायला."

आईला पटवायला मला दोन महिने लागले. शेवटी मी सांगितलं, की त्यात तुझी चाल आहे, तू ऐकल्याशिवाय मला चैन पडणार नाही. ती बराच वेळ मटार सोलत राहिली. मग म्हणाली, "वाश्तीलाही सांगते. एकटी गेले तर लोक म्हणतील म्हातारी बहकली." सिस्टर वाश्तीला सांगणं म्हणजे चर्चला सांगणं. म्हणून अकरा हॅट्स.

दिवे मालवले. नावं आली. चित्रांची, संगीताची, गोष्टीची, चार-पाच माणसांची. आई चष्म्यातून पुटपुटत वाचत होती. "तू कुठायस?"

"येईल," मी म्हणालो. आलं नाही. चित्र सुरू झालं.

आधी नुसती सकाळ होती, कुंपण आणि सूर्य. आणि त्यावर माझी ट्रम्पेट. तीन सूर वर, मग एकदम खाली. आईनं माझं मनगट धरलं.

"अरे," ती म्हणाली, "अरे लेम, ही तर माझी..."

"तुझीच."

"अगं वाश्ती, ऐक. माझ्या कोंबड्यांची हाक आहे ही." अंधारातही मला कळलं, ती हसत होती. अकरा वर्षं मी ज्याची वाट बघत होतो, ते मला मिळालं. अर्धा मिनिट टिकलं असेल.

मग झोपडीचं दार उघडून एक बाई आली. बाई म्हणायचं म्हणून म्हणतो. काळंकुट्ट पिंप, ओठ टायरएवढे, डोळे बशांएवढे, डोक्याला फडकं. असली चित्रं आम्हाला नवीन नव्हती. पिठाच्या डब्यावर, साबणाच्या कागदावर जन्मभर बघत आलोय. वाश्ती नाक मुरडून म्हणाली, "मेल्यांना दुसरं काही सुचतच नाही." आईचा हात अजून माझ्या मनगटावर होता. मग ती बाई चालायला लागली. कंबरेतून तिरकी, मागं फडकं खोचलेलं.

आणि तिनं तोंड उघडलं.

"एस्तेर, रूथ, मार्था, याऽऽ गं मेल्यांनो!"

पुढच्या रांगांमधली पोरं खदखदून हसली. मोठी माणसंही हसली. आमचीच माणसं, आमच्याच थिएटरात. माझा आवाज होता तो. काचेसारखा स्वच्छ टिपलेला.

"ईजबेल, तूसुद्धा ये!"

ईजबेल नावाची कोंबडी पाळणारी बाई आमच्या चर्चमध्ये एकच आहे. दहा हॅट्स एकदम आईकडं वळल्या आणि तेवढ्याच लगबगीनं पुन्हा पडद्याकडं वळल्या. आईनं माझ्या मनगटावरचा हात काढून घेतला. चष्मा काढला, मिटला, पर्समध्ये ठेवला, पर्सची कळ लावली. पुढची सहा मिनिटं ती ताठ बसून समोर बघत होती. पडद्यावरची बाई कोंबड्या चोरत होती, धपाधप पडत होती, आणि दर वेळी माझी ट्रम्पेट वाजत होती. वाजवलं चांगलं होतं मी. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

बाहेर ऊन होतं. बायका भराभर निरोप घेऊन पांगल्या. मी आईला गाठलं.

"आई, मला फसवलं त्यांनी. शप्पथ घेऊन सांगतो, लाल दिवा बंद होता. ते टिपतायत हे मला माहीतच नव्हतं."

आई थांबली. "दिवा बंद होता," ती म्हणाली. "म्हणजे कामाचं नव्हतंच ते. मग करत कशासाठी होतास?"

मागून आलेल्या पोरांना मी वाट दिली.

"हसले ते?"

"हो."

"तूही?"

"हो."

"किती वेळा केलंस?"

"दोनदा."

"नाव नाही आलं तुझं, बरं झालं," ती म्हणाली आणि चालायला लागली. थोडं अंतर गेल्यावर माझ्या लक्षात आलं की तिची चाल बदललीय. ती तिरकी होत नव्हती. ओठ घट्ट मिटून, दुखरा पाय सरळ टाकत, ती सहा चौक तशीच चालत घरी गेली. मी हात पुढं केला तो तिनं घेतला नाही.

सोमवारी मी कामावर न जाता स्टुडिओच्या फाटकाशी उभा राहिलो. लोवेलसाहेब गाडीतून उतरले आणि मला बघून खूश झाले.

"लेम! पाहिलंस? लोक खुर्चीतून पडतायत. पुढच्या चित्रातही ती बाई आणतोय आम्ही."

"साहेब, दिवा बंद होता."

"कसला दिवा?"

"लाल. तुम्ही म्हणाला होतात, दिवा बंद म्हणजे टिपत नाही."

"हां हां, ते! अरे, दिवा लावला की माणसं आखडतात. तुझं किती सहज आलं बघ. असं मागून मिळत नाही."

"तो आवाज काढून टाका, साहेब. ट्रम्पेट राहू दे. आवाज काढा. माझी आई आहे ती."

ते माझ्याकडं बघत राहिले, मी काहीतरी दुसऱ्याच भाषेत बोलल्यासारखे. "सहाशे थिएटरांत गेलंय ते, लेम," ते शांतपणे म्हणाले. "आणि तुझी आई कशी? ते तर चित्र आहे." मग घड्याळ बघून आत गेले. मनानं वाईट नव्हता माणूस, असं मी बरीच वर्षं लोकांना सांगत असे. आता नाही सांगत. त्यानं मला दिवा दाखवला, आणि मी विश्वास ठेवला.

पुढच्या चित्रासाठी त्यांचा निरोप आला, तेव्हा मी गेलो नाही. बाईसाठी दुसरं कुणीतरी मिळालं. हाक तीच ठेवली.

त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या पोरांना नवीन खेळ सापडला. आईच्या कुंपणाजवळून जाताना ओठ पुढं काढून ओरडायचं, "ईजबेल, तूसुद्धा ये!" आणि पळायचं. आईनं एकालाही शिव्या दिल्या नाहीत. तिनं हाक मारणंच बंद केलं. डब्याच्या झाकणावर चमचा वाजवायची. कोंबड्यांना ते कळत नसे. त्या आपल्या मागच्या दाराकडं तोंड करून, माना तिरक्या करून उभ्या राहायच्या.

एका रविवारी चर्चच्या आधी मी आईकडं गेलो. ट्रम्पेटची पेटी मी आताशा आणतच नव्हतो. आई पायरीवर उभी राहून झाकण वाजवत होती. एकही कोंबडी जागची हलली नव्हती. तिनं झाकण खाली ठेवलं आणि दाण्यांचा डबा माझ्यापुढं धरला.

"तू मार हाक. तुला येते ना."

"आई, नको."

"उपाशी ठेवू का त्यांना?"

मी डबा घेतला. कधी मारली नव्हती इतक्या हळू, इतक्या नीट मी हाक मारली. "एस्तेर, रूथ, मार्था, याऽऽ गं." त्या धावत आल्या. त्यांना काय माहीत कोण बोलावतंय. पायांशी एकच गर्दी झाली. ईजबेल तेवढी अंजिराच्या झाडाखाली एक पाय वर धरून उभी राहिली. तिला तिचं नाव हवं होतं. मी तोंड उघडलं, पण ते नाव काही केल्या माझ्या तोंडून निघेना.

 मग पायऱ्या उतरून आई स्वतःच निघाली. चारी बाजूंनी कुंपण होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तरी ती ओठ मिटून, दुखरा पाय सरळ टाकत झाडापर्यंत गेली आणि ईजबेलला काखेत घेऊन तशीच सरळ परत आली. परसात बघायला दुसरं कुणीच नव्हतं. मी होतो.