पडीक ठरलेले चार एकर

कुऱ्हाडीचा पहिला घाव जेसीबीच्या काचेवर बसला आणि ड्रायव्हर उडी टाकून पळाला. दुसरा बद्रीनाथने गिरिधरसाठी राखून ठेवला होता. तालुक्यातली कुठली जमीन पिकाऊ, कुठली चराऊ, कुठली पडीक हे ठरवायला दोन वर्षांपूर्वी हाच माणूस टेंभुर्णीजवळच्या या शिवारात फिरला होता. आज नकाशा घेऊन तोच हद्द दाखवायला आला होता.

गायरानातले हे चार एकर बद्रीनाथ आणि त्याची विधवा भावजय नंदाबाई तीस वर्षं कसत होते. दोन त्याचे, दोन तिचे. सातबारा नाही, दगड वेचून माती केली, एवढाच काय तो हक्क. नकाशावर पिकाऊ लागलं असतं तर जमीन नावावर व्हायची आशा होती. लागलं पडीक, आणि पडीक म्हणून सौर प्रकल्पाला गेलं. सकाळपासून उभी तूर दोन यंत्रांखाली चिरडली जात होती.

बद्रीनाथने गिरिधरला गचांडी धरून ढेकळांत लोळवलं आणि छातीवर गुडघा रोवला. त्याचं नाक फुटलं.

"कोणाला इचारून पडीक लिवल्तं रे?"

"तुम्हालाच," गिरिधर रक्त थुंकत म्हणाला. "उन्हाळ्यात रान उघडं होतं, म्हणून विचारायलाच आलो होतो. तुम्ही म्हणालात, चारही एकरांत कुसळ उगवत नाही, लिहून घ्या. खाली सही आहे तुमची."

उगारलेली कुऱ्हाड तशीच राहिली. बद्रीनाथला आठवलं. गळ्यात ओळखपत्र, हातात फॉर्म. त्याला तो दुष्काळाचा पंचनामा वाटला होता. सरकारी माणसाला पीक झकास आहे असं सांगणारा वेडा या गावात अजून जन्माला यायचा होता. वहिनीला सरकारी माणसाशी बोलता येत नाही म्हणून तिच्या वाट्याचंही त्यानेच मोठ्या मनाने सांगून टाकलं होतं.

नंदाबाई मागेच उभी होती.

"भावजी, माझ्या रानाचंबी तुमीच सांगितलं?"

"अनुदान भेटंल वाटलं, वहिनी."

तिने कुऱ्हाड मागितली नाही, हिसकावली. तुंब्याचा, म्हणजे पात्यामागच्या बोथट बाजूचा, पहिला घाव बद्रीनाथच्या खांद्यावर बसला तेव्हा हाड मोडल्याचा आवाज गिरिधरलाही ऐकू आला. दुसरा बरगडीत बसला. बद्रीनाथने हात वर केला नाही. आपल्याला हे मिळायलाच हवं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

तिसरा डोक्यातच बसायचा. गिरिधरने धडपडत उठून तिला कमरेतून धरलं. तोवर दुसरं यंत्र तिच्या दोन एकरांत शिरलं होतं.