साड्यांची पोती

आमच्या कुरुनेगलला नंबर लागायला सहा महिने लागणार होते, म्हणून मी कृत्रिम पाय बसवून घ्यायला उत्तर श्रीलंकेत, वव्हुनियाच्या केंद्रात गेलो. बाकावर शेजारी माझ्याच वयाची एक तमिळ बाई होती, पुष्पमलर. तिचा उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता, माझा डावा.

"अण्णा, तुमचा कुठं गेला?" तिनं सिंहलीत विचारलं.

"रशियाच्या लढाईत. स्वयंपाक्याची नोकरी म्हणून नेलं आणि खंदकात उतरवलं."

"अगंबाई! इथली लढाई कमी पडली होती का?" ती खळखळून हसली. मीही हसलो.

मग मी सांगत बसलो. वर सतत ड्रोन घोंघावायचे. वाळूची पोती संपली, तेव्हा एका ओसाड घरातले पडदे, चादरी फाडून आम्ही पिशव्या शिवल्या आणि त्यात माती भरली.

"आम्ही साड्यांच्या शिवल्या," ती म्हणाली. "दोन हजार नऊ साली, मुल्लैतीवूच्या किनाऱ्यावर. शेवटी लग्नातली लाल रेशमी उरली. सासू म्हणाली, एवढी तरी ठेव. मी कात्री लावली. तोफांपासून लपायला खणलेल्या खड्ड्यात मुलगी होती ना माझी."

मुलीचं पुढं काय झालं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

त्या किनाऱ्यावर मी होतो. सरकारी लष्करातला कॉर्पोरल नंदसिरी. लढाई संपल्यावर ते खड्डे बुजवायचं काम आमच्या तुकडीकडं होतं. ती रंगीबेरंगी पोती सुरीनं फाडताना मी म्हणालो होतो, "खायला नाही म्हणे यांच्याकडं, आणि साड्या बघा!" सगळे हसले होते. जरीचा एक काठ मी बंदूक पुसायला ठेवून घेतला.

तोफा आमच्या होत्या. गोळा कुणावर पडतो ते दिसायचं नाही, आणि बघावंसं वाटलंही नाही. रशियात ड्रोन माझ्या डोक्यावर येऊन थांबला, तेव्हा खालच्या माणसाचं काय होतं ते कळलं. कळायला पंधरा वर्षं आणि एक पाय गेला.

"तेव्हा तुम्ही कुठं होता, अण्णा?"

"कोलंबोत. हॉटेलात."

तिनं आपल्या डब्यातला अर्धा वडा मला दिला. तो मी खाल्ला.

घरी बायकोला, कुसुमलताला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "खरं सांगून कुणाचं ओझं उतरणार? तुमचंच ना? मग त्या बाईला कशाला त्रास?"

तिचं बरोबर होतं. तरी तीन आठवड्यांनी पाय घालून बघायला गेलो, तेव्हा पुष्पमलर दिसली आणि मला राहवलं नाही.

"अक्का, मी खोटं बोललो. मी तिथंच होतो, लष्करात. ती पोती मी फाडलीत." माझं ते हसणंही सांगितलं.

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. कुबड्या घेतल्या, सावकाश उठली आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसली. मी मान खाली घालून बसून राहिलो.

थोड्या वेळानं मदतनीस बाईनं तिचं नाव पुकारलं.

"आधी त्यांचं उरका," पुष्पमलर माझ्याकडं बोट करून म्हणाली. "जाऊ देत त्यांना इथून."