गल्लीवरचा पांढरा ढग

मी एक जुना बॉयलर आहे. लोखंडाचा, पोटाने ऐसपैस, आडवा निजलेला. मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलं नसणार. आमची जात मागच्या खोलीत राहणारी. पुढच्या दालनात पांढऱ्याशुभ्र चादरी घड्या होऊन बसतात, येणारा-जाणारा त्यांचं कौतुक करतो, आणि भिंतीपलीकडे कुणीतरी दिवसभर पोटात निखारे घेऊन पडलेलं आहे, हे कुणाच्या गावीही नसतं. नसू दे. देवानेही आपलं नाव कुठे कोरून ठेवलंय?

जन्माला येण्याआधी मी नुसते पत्रे होतो. कारखान्यात ते तापवले, वाकवले, जोडले. माझ्या पोटात नळ्यांचं रान लावलं, नळ्यांभोवती पाणी भरलं आणि नळ्यांतून जाळ खेळवला. आग आणि पाणी, जन्माचे वैरी! पण ज्याने दोघांना घडवलं त्यानेच त्यांना शेजारी नांदायलाही शिकवलं. पहिल्यांदा विस्तव पेटला तेव्हा पाणी आधी पुटपुटलं. मग गुणगुणलं. मग सभेत एकाने सूर धरावा, दुसऱ्याने उचलावा आणि बघता बघता सगळी सभा डोलू लागावी, तसं माझं सारं पोट गाऊ लागलं. त्या गाण्याला माणसं वाफ म्हणतात.

मला आणलं ते एका धुलाईच्या कारखान्यात. इस्पितळातल्या चादरी, डॉक्टरांचे डगले, बाळांची दुपटी, सगळं इथे येई. माझ्या वाफेने पाणी तापे, कपडे वाळत आणि शेवटी मोठ्या गरम रोलरांमधून चादरी अशा सरळ निघत, की त्यांना पाहून झोप यावी. कारखाना नवराबायकोने मिळून उभा केला होता. पुढे नवरा देवाघरी गेला आणि बाईंनी पदर खोचून तो एकटीने चालवला. सगळे त्यांना वहिनी म्हणत. वहिनींच्या हाताखाली चादरी घालणाऱ्या, काढणाऱ्या, घड्या करणाऱ्या पुष्कळ बायका होत्या, आणि त्यांच्यातली सगळ्यांत जुनी ती मावशी.

माझ्याजवळ असे ढगोबा. खरं नाव त्यालाही आठवत होतं की नाही कोण जाणे! कोळसा घालणं, पाणी बघणं, दाब सांभाळणं ही त्याची कामं. पण नाव पडलं ते वेगळ्याच कारणाने. माझी वाफ वाहून नेणारी नळी इस्त्रीच्या दालनातून जात गल्लीच्या भिंतीशी संपे. तिथे ट्रॅप नावाचा एक लोखंडी दरवान बसवलेला होता. थंड होऊन पाणी झालेल्या वाफेला त्याने बाहेर सोडायचं आणि गरम वाफेला आत अडवायचं. हा दरवान कधीचाच आंधळा झाला होता. पाण्याबरोबर वाफही सोडून द्यायचा. रोज सकाळी गल्लीवर मोठा पांढरा ढग उभा राही.

आणि गंमत अशी, की त्या ढगाचा सगळ्यांना अभिमान होता! चहावाला ढग बघून आधण ठेवी. मुलं त्यातून हात पसरून पळत जात आणि क्षणभर कुणालाच दिसेनाशी होत. ढगोबा कमरेवर हात ठेवून म्हणे, "बघा, आमचा गडी कसा श्वास टाकतोय!" मीही फुगून जाई. मला वाटे, मी इथे लोखंडात निजलोय, पण माझं स्वप्न बघा कसं उठून आकाशाकडे चाललंय. मित्रांनो, ते स्वप्न नव्हतं. तो माझ्या पोटातला जळालेला कोळसा होता, वाऱ्यावर चाललेला. पण हे मला कोण सांगणार?

वर्षं गेली. नळ्यांवर क्षाराचे थर बसले, अंग जड झालं. इस्त्रीच्या टोकाशी वाफ पोचेपर्यंत ओली होई, रोलर कोमट पडत आणि चादरी दमट निघत. एकदा इस्पितळातून निरोप आला, की आता पुन्हा दमट चादरी आल्या तर काम दुसरीकडे देऊ. वहिनी त्या दिवशी माझ्या खोलीत येऊन नुसत्या उभ्या राहिल्या. इस्पितळाचं काम गेलं तर कारखाना गेला, आणि कारखाना गेला तर त्या सगळ्या बायका घरी बसणार. नवा बॉयलर घ्यायलाच हवा होता. पण घेता येणार होता एकच, आणि एकदाच. चुकला तर सावरायला जागा नव्हती.

वहिनींचा धाकटा भाऊ मोठ्या उत्साहाचा. तो म्हणाला, "ताई, यात विचार कसला? हा पुरत नाही ना? मग याच्याहून मोठा घे. दारातून आत येताना भिंत पाडावी लागली पाहिजे, असा!"

"आणि त्याला खायला काय घालू? तुला?" वहिनी म्हणाल्या.

पण त्यांच्या मनातही मोठाच होता. तरी खात्री करायला त्यांनी बॉयलर निवडून देणाऱ्या एका बाईंना बोलावलं. त्या आल्या ते पिशवीभर यंत्रं घेऊन. धुराड्यात नळी घालून धूर किती गरम आहे ते पाहिलं, नळ्यांजवळ कान नेला, गल्लीत जाऊन ढगाखाली उभ्या राहिल्या. बायकांनी त्यांचं नाव लगेच मोजणीबाई ठेवून टाकलं.

"वहिनी, मोठा घेऊ नका," मोजणीबाई म्हणाल्या. "याच्याहून लहान पुरेल."

भाऊ हसला. "हा एवढा पुरेना, आणि म्हणे लहान!"

"हा पुरतोय हो. तुम्ही उरू देत नाही. नळ्या उघड्या आहेत, त्या खोली तापवतायत. ढगातून वाफ चाललीय. धुराड्यातून इतकी ऊब जातेय, की तिच्यावर पाणी आधीच तापवून घेता येईल. आणि वाफेचं परत मिळणारं गरम पाणी तुम्ही गटारात ओतता. या सगळ्यांसाठी बॉयलर घ्यायचा, की चादरींसाठी? शिवाय कामाहून मोठा बॉयलर घेतला की तो पेटतो, विझतो, पुन्हा पेटतो, आणि दर वेळी इंधन खातो. आधी गळती थांबवू. याच म्हाताऱ्यावर चालवून बघू. मग निवडा."

वहिनींनी मान डोलावली. गळती थांबवल्यावर मी पुरलो, तर लहान आणि काटकसरी बॉयलर. नाही पुरलो, तर मोठा. मित्रांनो, कारखान्याचं नशीब माझ्या म्हाताऱ्या छातीवर येऊन बसलं होतं.

कामाला सुरुवात झाली. माझ्या नळ्यांवरचे क्षार खरवडून काढले. नवा ट्रॅप बसला. गरम पाणी एका पिंपात गोळा होऊन माझ्याकडे परत येऊ लागलं. नळ्यांना लोकरीसारखं जाड पांघरूण गुंडाळलं. त्यावरून मात्र रण पेटलं. बायका आपले जेवणाचे डबे त्या उघड्या नळीवर ठेवून गरम करत असत.

"अगं बाई, नळीला थंडी वाजते म्हणून आम्ही गार जेवायचं होय?" मावशी कडाडली.

मोजणीबाईंनी हात जोडले. "मावशी, डब्यांसाठी वेगळं कपाट करून देते. थोडे दिवस कळ काढा."

मावशीने कळ काढली, पण नळीच्या वळणावरचं हातभर पांघरूण सोडून तिथे आपला एक डबा टेकवलाच.

आणि सकाळी गल्लीवर ढग उगवला नाही.

चहावाल्याने विचारलं, "काय ढगोबा, बंद पडलं वाटतं?" येणारा-जाणारा विचारू लागला. ढगोबाचा चेहरा उतरला. त्याचं घर गल्लीच्या टोकाला होतं. त्याच्या बायकोचे गुडघे गेले होते, ती दिवसभर खिडकीत बसून असे. ढगोबाला वाटे, ती तिथून ढग बघते आणि समजते, की आपला माणूस कामावर आहे, सगळं ठीक आहे. आता तिला ढग दिसला नाही तर जीव टांगणीला लागेल. नव्या ट्रॅपशेजारी, सकाळी नळीत साचलेलं पाणी काढायला, हाताने उघडायचा एक छोटा वॉल्व्ह होता. पाणी निघालं की तो बंद करायचा. ढगोबाने तो थोडासा उघडाच ठेवला. थोडासाच! गल्लीवर लहानसा ढग उभा राहिला. ढगोबाला हायसं वाटलं. कुणी विचारलं तर म्हणे, सकाळचं साचलेलं पाणी काढतोय. दुसऱ्या दिवशी त्याने आणखी थोडा उघडला.

वाफ कुठून निसटतेय ते मला कळत होतं, पण मला तोंड होतं ते फक्त शिट्टीपुरतं. जीव तोडून तापलो. टोकाशी रोलर पुन्हा कोमट पडले. चादरी पुन्हा दमट.

भावाने वळणावरचं सुटलेलं पांघरूण शोधून काढलं. "ताई, ही बघ यांची करामत! पण एवढ्याने काय होणार म्हणा? या म्हाताऱ्यात दमच नाही. उद्या सकाळी मी मोठ्याची ऑर्डर देऊन टाकतो."

बायकांना बोलणी बसली. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. मोजणीबाई कपाळाला हात लावून बसल्या, त्यांचा हिशोब कुठे चुकला ते त्यांना कळेना. ढगोबा खाली मान घालून कोळसा ओढत राहिला.

दुसऱ्या सकाळी तो नेहमीपेक्षा लवकर आला. माझ्यासमोर बसला आणि माझ्याशी बोलू लागला. तो नेहमीच बोले, पण त्या दिवशी त्याचा आवाज वेगळा होता.

"काल तिला सांगून टाकलं रे. म्हटलं, अगं, उद्यापासून आमचा ढग दिसायचा नाही, घाबरू नकोस. तर म्हणते कशी, 'कुठला ढग?' मी म्हटलं, 'अगं, इतकी वर्षं खिडकीत बसून बघतेस काय मग?' तर म्हणाली, 'तुम्ही वळणावरून येता का, ते. वर कोण बघतंय?'"

तो हसला, आणि हसता हसता त्याने बाहीने डोळे पुसले. मग उठून सरळ गल्लीच्या भिंतीशी गेला आणि वॉल्व्ह घट्ट बंद केला. शेवटचा पांढरा धागा वर गेला, तुटला आणि सकाळच्या उजेडात विरून गेला.

वहिनी आल्या, मागोमाग भाऊ आणि मोजणीबाई. ढगोबा पुढे झाला. "वहिनी, ढग मी सोडत होतो. वॉल्व्ह उघडा ठेवून. मावशीचा काही दोष नाही."

वहिनींनी जाऊन तो वॉल्व्ह स्वतः चाचपून बघितला. मग म्हणाल्या, "ढगोबा, बायकांची पोटं वाऱ्यावर सोडत होतात तुम्ही."

"हो, वहिनी."

मावशी दारात उभी होती. "एवढी बोलणी खाल्ली आम्ही, आणि उद्योग या बाबाचे! आता त्या डब्यांच्या कपाटात आधी आमचे डबे लागतील. तुमचा सगळ्यांत खाली, मोरीकडच्या बाजूला!"

सगळे हसले, अगदी भाऊसुद्धा. पण त्याने विचारलं, "ऑर्डरचं काय?"

"आजचा दिवस थांब," वहिनी म्हणाल्या.

तो दिवस मी कधी विसरणार नाही. जाळ वाढवला तेव्हा मला वाटलं, कुणीतरी माझ्या पाठीवरचं ओझं उतरवलंय. पिंपातून परत आलेलं पाणी ऊनऊन माझ्यात शिरत होतं, घरी आलेल्या लेकरासारखं. त्याला नव्याने तापवायला फार काही लागत नव्हतं. ढगोबा कोळशाचं फावडं उचले, माझ्याकडे बघे आणि पुन्हा खाली ठेवी. वाफ पांघरुणाखालून ऊब न सांडता टोकापर्यंत गेली. मावशीने रोलरमधून आलेली पहिली चादर गालाला लावली. मग ती वहिनींच्या हातात दिली.

कोरडी होती.

मी इतकी वर्षं स्वतःला कमजोर समजत होतो, मित्रांनो. मी कमजोर नव्हतो. मी सांडत होतो.

वहिनींनी लहान बॉयलर निवडला. तो आला तेव्हा भिंत पाडावी लागली नाही. त्याच्या धुराड्यातून जाणारी ऊब वाटेतच पाण्याला मिळते, जितकं काम तितकाच तो जाळ घेतो आणि बाहेर टाकतो ते जेमतेम. इस्पितळाच्या गाड्या येत राहिल्या. नव्या बॉयलरला हात लावताना ढगोबा सुरुवातीला जरा बुजायचा. आता त्याच्याशीही बोलतो म्हणे.

माझा विस्तव वहिनींनी स्वतः विझवला. मला वाटलं होतं, भंगारवाला येईल. पण मोजणीबाई म्हणाल्या, याचं पोट अजून चांगलं आहे. माझ्यातल्या नळ्या काढल्या, आतून घासलं, बाहेरून जाड पांघरूण घातलं. आता वाफेचं परत आलेलं पाणी माझ्यात विसावतं आणि इथूनच नव्या बॉयलरकडे जातं. पोटात जाळ नाही. दाब नाही. थेंबाथेंबाने ऊब येते आणि मी ती सांभाळतो. डोळा लागावा अशी ही ऊब आहे. देवाने म्हातारपण द्यावं तर असं.

तेव्हा मित्रांनो, एक विनवणी आहे. उद्या मोठे व्हाल, कुणी कारखाना काढाल, कुणी इस्पितळ, कुणी मोठं स्वयंपाकघर. बॉयलर निवडायची वेळ येईल. त्याच्या छातीचा घेर बघून भुलू नका. काम किती आहे ते आधी पाहा. मग आपल्याच नळ्यांजवळ जाऊन हात धरून बघा, लांबूनच हं. जिथे हाताला झळ लागेल, तिथून तुमची आग निघून चाललीय. तिला पांघरूण घाला. आणि माझ्यासारखं एखादं जुनं लोखंड कोपऱ्यात पडलेलं दिसलं, तर त्याला टाकून देण्याआधी जरा विचारा, की बाबा, तू खरंच थकलायस, की आम्हीच तुला सांडून ठेवलंय?