मोबाइलवर जळणारा पडदा

मित्रांनो, मी उल्हासनगर कॅम्प ४ मधल्या एका फोटो स्टुडिओतला जुना पडदा आहे. माझ्यावर बाग, कारंजं आणि दोन हंस रंगवले आहेत. पूर्वी घरात लग्नाची मुलगी असली, की आई तिला घेऊन माझ्यापुढेच येई. तिचा फोटो मुलाकडच्यांना जाई. लोक म्हणत, हा पडदा लाभतो. मला त्याचा फार गर्व होता.

मग मोबाइल आले. मुली घरीच स्वतःचे फोटो काढू लागल्या. स्टुडिओचे मालक हरिचंद्र यांच्या मुलानं, मिलिंदनं, बायकोसुद्धा मोबाइलवरच, लग्न जुळवणाऱ्या एका ॲपवर शोधली. मी धूळ खात राहिलो आणि मनातल्या मनात जळत राहिलो.

पुढे हरिचंद्रांची पत्नी वारली. ते दुकानात नुसते बसून असत. सून मायाला ते बघवेना. तिनं त्यांचंही नाव त्या ॲपवर घातलं. फोटो काढला तो दुकानाच्या दारात, उन्हात. मी आत टांगलेला असून मला कोणी विचारलं नाही.

सोनिवलीच्या शालनबाईंशी त्यांचं बोलणं सुरू झालं. त्याही एकट्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. मोबाइल वाजला, की हरिचंद्र हसत. इतकी वर्षं सोबत राहून माझ्याकडे बघून ते कधी असे हसले नव्हते.

मिलिंदला हे कळलं तेव्हा त्यानं मोबाइल काढून घेतला. या वयात लोक काय म्हणतील, कोणी फसवलं तर, असं तो म्हणाला. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. पण हरिचंद्रांचा जेवणाचा डबा तसाच घरी परत जाऊ लागला. माझ्याकडे तर तेव्हाही कोणी पाहिलं नाही.

उत्तर येईना, म्हणून एका दुपारी शालनबाई स्वतःच दुकानात आल्या. मिलिंद तिथेच होता. त्या शांतपणे म्हणाल्या, "बाळा, पहिल्या लग्नाच्या वेळी नुसता माझा फोटो गेला. मला कोणी काही विचारलं नाही. यांनी विचारलं, तुम्हाला काय आवडतं? त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय."

मिलिंदनं काढून घेतलेला मोबाइल खिशातून काढून वडिलांपुढे ठेवला.

"पप्पा, तुम्ही बोलत बसा. मी चहा सांगतो."

दोघं माझ्याकडे पाठ करून बसले. मोबाइल टेबलावर पालथा पडून होता. त्यालाही कोणी हात लावला नाही, तेव्हा कुठे मला जरा बरं वाटलं.

मित्रांनो, मी जळका आहे, मला धूळ चालेल. पण तुमच्या घरातलं एकटं माणूस कोणाशी हसून बोलत असेल, तर त्याचं बोलणं तोडू नका.