खुंटी उंच आहे

तपासणीला आलेली बाई गुडघ्यांवर बसली, ओला कागदी रुमाल खिडकीच्या कडेवरून सावकाश फिरवला आणि पिशवीत घालून बंद केला. सासूबाई तिच्या मागेच उभ्या होत्या. आपल्या घरची धूळ कोणी परकं माणूस पिशवीत भरून नेतंय, हे त्यांच्याने बघवत नव्हतं.

“रोज झाडते हो ही,” सुनेकडे हनुवटी करत त्या म्हणाल्या. “पण हिचं झाडणं म्हणजे वरवरचं. मी कानीकपाळी ओरडते, कोपरे काढ, कोपरे काढ. ऐकेल तर शपथ!”

“कोरडं झाडूच नका, आजी. धूळ उडते. ओल्या फडक्याने पुसायचं.”

“घ्या! म्हणजे झाडलं तेही चुकलंच.”

आतल्या खोलीत सुनेची दोन वर्षांची मुलगी झोपली होती. चालायला लागल्यापासून पोर एका जागी ठरेना, म्हणून आजीनेच तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली होती. हल्ली भिंगरी कोपरा धरून बसायची, पोट धरून कळवळायची. शिकलेले चार शब्दही तिने टाकून दिले होते. आधी दात येतायत म्हणून सोडून दिलं, मग जंतांचं औषध झालं. शेवटी रक्त तपासलं, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की अंगात शिसं आहे. कुठून जातंय ते लवकर शोधा, एवढ्या लहान वयात मेंदूला झालेलं नुकसान पुरतं भरून येत नाही. तेव्हापासून घरात जो तो दुसऱ्याच्या चुका काढत होता.

बाईने नळाचं पाणी बाटलीत घेतलं, स्वयंपाकाची भांडी पाहिली, खेळणी उलटीपालटी केली. मग ती भिंगरीच्या बाबांकडे वळली. आज त्यांनी रजा टाकली होती.

“तुम्ही काम काय करता?”

“बॅटऱ्यांच्या कारखान्यात आहे. जुन्या फोडतो, आतलं शिसं वितळवतो.” डॉक्टरांनी शिसं म्हटल्यापासून हे सांगताना त्यांचा आवाज खाली जायचा. “पण मी हातपाय तिथेच धुतो. घरात आलो की आधी शर्ट काढून दारामागच्या खुंटीला. मगच पोरीला उचलतो.”

“शर्ट रोज धुता?”

“दोन आहेत, आलटूनपालटून घालतो. धुणं रविवारी.”

“त्याला मुलीचा हात लागतो?”

“कसा लागेल?” सासूबाई मध्येच म्हणाल्या. “खुंटी उंच आहे.”

सुनेच्या तोंडचं पाणी पळालं.

बाबा कामावर गेले की भिंगरी दुपारी रडून घर डोक्यावर घ्यायची. काही केल्या डोळा लागायचा नाही. एकदा सुनेने कंटाळून आदल्या दिवशीचा शर्ट काढून तिच्याजवळ टाकला, आणि कॉलर तोंडात धरून पोर गाढ झोपली. मग ते रोजचंच झालं. सासूबाई आडव्या झाल्या की सून हळूच शर्ट काढायची, नाहीतर पोरीला लाडावलं म्हणून त्यांचा पट्टा सुरू झाला असता. धुतलेला शर्ट मात्र भिंगरी भिरकावून द्यायची. तिला बाबांचा वास हवा असायचा. म्हणून सुनेने दोनातला एक शर्ट धुवायचाच सोडला होता. झटकून द्यायची, झालं. शिसं म्हणजे जड धातू, तो कापडाला कशाला चिकटून येतोय, अशी तिची समजूत. आत्ता बाईचा प्रश्न ऐकेपर्यंत तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

तिने सांगायला तोंड उघडलं.

“मीच देतो,” नवरा म्हणाला.

तिने चमकून पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. चावलेल्या कॉलरी त्याच्या नजरेतून सुटल्या असतील असं नव्हतं. त्याने कधी विचारलं मात्र नव्हतं.

“रडते म्हणून. निघताना कालचा शर्ट तिच्या उशाशी ठेवतो.”

“अरे, बाप आहेस की वैरी?” सासूबाई कडाडल्या.

हे आपल्या वाट्याचं होतं, सुनेच्या मनात आलं. आणि खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं.

“किती वेळ असतो तिच्याजवळ?” बाईने विचारलं.

“असेल... थोडा वेळ.”

“तोंडात घालते?”

“छे, तोंडात नाही.”

बाई विचारात पडली. “मग एवढ्याने रक्तात इतकं यायचं नाही. आणखी कुठूनतरी येत असणार. भिंतींचे आतले जुने रंग तपासावे लागतील. वेळ जाईल त्यात.”

“थांबा,” सून म्हणाली. “त्यांना काही माहीत नाही. शर्ट मी देते. रोज, दुपारभर. कॉलर चोखतच झोपते ती. बिनधुतलाच लागतो तिला.”

सून मान खाली घालून सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायची वाट बघत राहिली. सासूबाई भिंतीला टेकत टेकत खाली बसल्या.

“झोपेत निसटायचा तिच्या हातून,” कोणाकडेच न बघता त्या म्हणाल्या. “मग मी उठून परत तोंडाशी द्यायचे. म्हटलं, पोर जागी होईल.”

बाईने पिशव्या आवरायला घेतल्या.

“कळलं ते बरं झालं. आजपासून कपडे कारखान्यातच बदलायचे, अंघोळ करूनच घरी यायचं. ते दोन्ही शर्ट घराबाहेर काढा, तिची चादरही धुवा. आणि तिला घेताना सगळ्यांनी हात स्वच्छ धुवायचे. महिन्याने पुन्हा रक्त बघू.”

“सुधारेल ना हो ती?” नवऱ्याने विचारलं.

“जाणं थांबलं की रक्तातलं उतरायला लागतं. पुढचं आत्ताच नाही सांगता येत.”

तेवढ्यात आत भिंगरी जागी झाली. अंथरुणात चाचपडून बघितलं असावं, कारण लगेच भोकाड पसरलं. तिघंही एकदम उठले, दारापर्यंत गेले आणि तिथूनच मोरीकडे वळले. मोरी एवढीशी, नळ एक. आत पोर टाहो फोडत होती आणि बाहेर तिघांची नळाशी झोंबाझोंबी चालली होती.

सासूबाईंनी साबण उचलला होता. तो त्यांनी सुनेच्या हातात दिला.

“तू आधी,” त्या म्हणाल्या.